सत्तर ग्रॅमचं पान

प्रस्तावना

बालभारतीचं एखादं पाठ्यपुस्तक घ्या आणि विषय समितीची, चित्रकारांची, अक्षरजुळणी करणाऱ्यांची नावं असतात ते पान काढा. त्या नावांच्या गर्दीत, मुद्रणादेशाच्या आसपास, कागदाचीही नोंद सापडते. बहुतेक वेळा ती ७० जीएसएम क्रीमवोव्ह अशी असते. महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या माणसानं ही नोंद दहा वर्षं दप्तरातून वागवलेली असते आणि एकदाही वाचलेली नसते. मीही वाचली नव्हती. दहावीनंतर एका छापखान्यात चिकटलो. तिथले मशीनमन, सगळे त्यांना नाना म्हणत, त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात दोन ताव ठेवले आणि विचारलं, "यातला जाड कुठला रे?" मला जाड वाटला तो मी दाखवला. "आता काट्यावर ठेवून ये." ठेवले. दोन्हींचं वजन सारखं भरलं.

ते दोन ताव मी पुढे पुष्कळांना दाखवले. पदरमोड करून कवितासंग्रह काढणारे निवृत्त शिक्षक, मंडळाच्या स्मरणिकेचं काम गळ्यात पडलेले सेक्रेटरी, नोकरी सोडून प्रकाशनात उतरलेली तरुण मुलं, सगळ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "कागद जरा जाड वापरा." छपाईतले निम्मे गैरसमज या एका वाक्यात दडले आहेत, असं माझं मत आहे. जाड म्हणताना माणसाला कधी मागचं न दिसणारा कागद हवा असतो, कधी कडक, कधी पुस्तक भरदार दिसावं असा फुगीर, आणि कधी नुसता भारीतला वाटणारा. हे चार वेगवेगळे गुण आहेत. जीएसएमचा आकडा यातल्या एकाचीही हमी देत नाही. ही पुस्तिका पाठ्यपुस्तकातल्या त्या एका ओळीचा विस्तार आहे असं समजा.

आधी आकड्याचं काय ते उरकून घेऊ. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए४ कागदावर हा हिशेब सोपा पडतो, कारण ए मालिकेतला पहिला ताव, ए०, एक चौरस मीटरचा धरलेला आहे. तो चार वेळा अर्धा केला की ए४ मिळतो, म्हणजे सोळावा हिस्सा. म्हणून ८० जीएसएमचा ए४ कागद ५ ग्रॅमचा आणि ५०० कागदांचं पुडकं अडीच किलोचं. लांबी-रुंदीचं प्रमाण दोनच्या वर्गमुळाइतकं ठेवलं की कागद कितीदाही अर्धा केला तरी त्याची ठेवण बदलत नाही, ही गंमत लिश्टेनबर्ग नावाच्या जर्मन प्राध्यापकानं १७८६ साली एका पत्रात लिहून ठेवली होती. तिचं रीतसर प्रमाणमाप व्हायला १९२२ साल उजाडलं, तेही जर्मनीतच. झेरॉक्सच्या दुकानात ए३चं ए४ करताना कडेला पांढरी पट्टी उरत नाही, ती या प्राध्यापकांची कृपा.

पुस्तकांच्या धंद्यात मात्र अजून इंचांचं राज्य आहे. डेमी, क्राउन, रॉयल, फुलस्केप ही विलायती मापं. ताव, दस्ता, रीम ही मोजणी त्याहून जुनी. दस्ता फारसी, मुठीत मावेल इतका. रीम मूळची अरबी, गठ्ठा या अर्थाची. ती युरोप फिरून इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. पूर्वी २४ तावांचा दस्ता आणि २० दस्त्यांची रीम, म्हणजे ४८० ताव धरत. आता रीम ५००ची झाली आहे.

कागदाचा भाव बहुधा किलोवर ठरतो, म्हणून तावाच्या मापावरून रीमचं वजन काढता आलं पाहिजे. नानांचं सूत्र असं: तावाची लांबी गुणिले रुंदी, दोन्ही इंचांत, गुणिले जीएसएम, भागिले ३१००. उत्तर येतं ते ५०० तावांचं किलोतलं वजन. २३ बाय ३६चा डबल डेमी ताव ७० जीएसएममध्ये घेतला तर रीम १८.७ किलोची. या एका तावात डेमी एक अष्टमांश आकाराची ३२ पृष्ठं बसतात. १६० पृष्ठांच्या पुस्तकाला ५ ताव, हजार प्रतींना ५,००० ताव, म्हणजे १० रीम, १८७ किलो. वेस्टेज वेगळं. तेच ८० जीएसएम घेतलं तर २१४ किलो. "दहा ग्रॅमनं असा काय फरक पडतो?" असं विचारणाऱ्यापुढे हे २७ किलो ठेवावेत. बांधणीनंतर तीन बाजूंनी कटिंग होऊन पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंचांवर येतं, तोवर घडीच्या पानाचा जवळजवळ एक दशांश भाग पट्ट्या होऊन रद्दीच्या पोत्यात गेलेला असतो. त्याचेही पैसे आपण मोजलेले असतात.

गणित संपलं. आता नानांच्या त्या दोन तावांकडे येऊ.

कारखान्यात कागद तयार होत आला की तो लोखंडी रुळांमधून काढतात. रूळ जितके आवळावेत तितका कागद गुळगुळीत आणि पातळ होतो. वजन अर्थातच तेच राहतं. ७० जीएसएमचा चांगला दाबलेला कागद ९० मायक्रॉनच्या आसपास भरतो. त्याच वजनाचा फुगीर बुकप्रिंट सव्वाशे मायक्रॉनपर्यंत जातो. २०० पृष्ठांचं, म्हणजे १०० पानांचं पुस्तक पहिल्या कागदावर ९ मिलिमीटरचं होईल आणि दुसऱ्यावर साडेबारा. हा साडेतीन मिलिमीटरचा फरक मला एकदा चांगलाच भोवला. मुखपृष्ठ करणाऱ्याला मी पुस्तकाच्या कण्याची रुंदी जुन्या अंदाजानं सांगितली आणि कागद ऐन वेळी बदलला. पुस्तकं बांधून आली तेव्हा कण्यावरचं लेखकाचं नाव अर्धं घसरून मुखपृष्ठावर आलं होतं. लेखक भला माणूस. "नाव वाकून बघतंय," एवढंच म्हणाला.

फुगीर कागद हातात हलका लागतो, डोळ्यांना निवांत वाटतो, कादंबरीला शोभतो. त्यावर फोटो मात्र मेलेले दिसतात, कारण खडबडीत पृष्ठभागात शाईचे ठिपके मुरतात आणि पसरतात. दोन्ही सुखं एका तावात मिळत नाहीत.

मागचं दिसणं हा आणखी निराळा प्रकार. आपण पाठपोट छापतो, त्यामुळे पोटावर छापलेलं पाठीवरून दिसता कामा नये. हा गुण तंतूंपेक्षा भरणीवर जास्त अवलंबून असतो. लगद्यात चिनी माती, चुनखडी किंवा महागड्या कागदात टायटॅनियम डायॉक्साइड घालतात. त्यामुळे उजेड कागदातून आरपार न जाता आतल्या आत विखुरतो. पण माती तंतूंपेक्षा वजनदार. भरमसाठ भरणीचा कागद काट्यावर पुरेपूर भरतो, मागचं झाकतो आणि हातात मात्र ओल्या पोळीसारखा लुळा पडतो. म्हणून नाना ताव एका कोपऱ्यात धरून कानाशी हलवत. चांगला कागद कडकड वाजतो, भरणीचा फदफदतो. "आकडा कुणीही छापतो," ते म्हणत, "आवाज काढून दाखव म्हणावं."

इथे कवींची एक तक्रार त्यांच्या वतीनं मांडून ठेवतो. गद्याचं पान ओळींनी भरलेलं असतं. ओळीच्या मागे ओळ नीट बसवली तर मागचं थोडंफार दिसलं तरी लपून जातं. कवितेच्या पानावर निम्मी जागा कोरी असते, आणि त्या कोऱ्या जागेतच मागच्या पानावरची कविता भुतासारखी उमटते. म्हणजे मागचं सगळ्यात चांगलं झाकणारा कागद कवितेला हवा. प्रत्यक्षात कवितासंग्रह बहुधा कवीच्या खर्चानं निघतो आणि त्याला गोदामात उरलेला सर्वांत पातळ कागद मिळतो.

कागदाच्या जाती पुस्तिकेत सविस्तर आल्या आहेत. इथे त्यांची तोंडओळख पुरे.

सगळ्यात ओळखीचा न्यूजप्रिंट, साधारण ४५ जीएसएमचा. लाकूड यंत्रात दळून त्याचा लगदा करतात, रसायनात शिजवून त्यातलं लिग्निन काढून टाकत बसत नाहीत. त्यामुळे लाकडाचा जवळपास सगळा माल कागदात उतरतो आणि कागद स्वस्त पडतो. उन्हात पिवळा पडणं ही त्याच काटकसरीची किंमत. तो शाई चटकन पितो, म्हणून रात्री छापलेला पेपर पहाटे सायकलवर चढू शकतो. वाचून झाल्यावर हाच गुण तेल पिण्याच्या कामी येतो. वडापाव त्यात बांधू नये असं अन्नसुरक्षा प्राधिकरण वारंवार बजावतं, कारण तेलाबरोबर शाईही वड्याला लागते. या कागदाच्या टंचाईनं आपल्याकडे बरंच राजकारण घडवलं. वर्तमानपत्रानं किती पानांना किती किंमत लावायची याची सांगड घालणारा आदेश केंद्र सरकारनं १९६० साली काढला. त्याविरुद्ध पुण्याचा 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९६१ साली तो आदेश रद्द झाला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो खटला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा म्हणून शिकवतात. छापखान्यातल्या माणसाला त्यात आधी पानांची संख्या दिसते.

क्रीमवोव्ह म्हणजे आपल्या वह्यापुस्तकांचा कागद. क्रीम त्याचा रंग. वोव्ह म्हणजे विणलेला. कागद विणलेला नसतो, ज्या जाळीवर तो धरतो ती विणलेली असते. हातकागदाच्या जुन्या साच्यात समांतर काड्यांची चटई असे. त्यामुळे दौलताबादचा जुना कागद उजेडात धरला की आत रेघारेघा दिसतात. बारीक विणलेल्या तारेच्या जाळीवरचा, बिनरेघांचा कागद इंग्लंडमध्ये व्हॉटमननं केला आणि बास्करव्हिलनं १७५७ साली व्हर्जिलच्या काव्याच्या आवृत्तीत तो वापरला. तेव्हाची ती चैन आज आपल्या तिसरीच्या पुस्तकात असते. क्रीमवोव्हला खळ बेताची, गुळगुळीतपणा बेताचा, किंमतही बेताची. पण पोरं त्यावर पेन्सिलीनं लिहितात, खोडतात, रेघा मारतात आणि तो निमूट सोसतो. दप्तराच्या ओझ्याची चर्चा निघाली की सगळे पुस्तकांची संख्या मोजतात, कागदाचं वजन कुणी विचारत नाही. २०२३-२४ साली पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून त्यातच वहीची कोरी पानं घातली, तेव्हा पालकांनी पुस्तक हातात तोलून पाहिलं असेल. क्रीमवोव्ह ७० ऐवजी ६०चा केला तर ओझं सातव्या हिश्शानं उतरेल हे खरं. पण मग मुलानं पेननं दाबून लिहिलेलं मागच्या पानावर उठेल. कागद निवडणं म्हणजे सतत अशी देवाणघेवाण.

मॅपलिथोचं नाव नकाशे आणि लिथो यांवरून पडलं. ऑफसेटची शाई चिकट असते, शिवाय त्या यंत्रात शाईबरोबर पाणीही खेळत असतं. साध्या कागदावर ती शाई तंतू उपटून काढते आणि अक्षरांत पांढरे ठिपके पडतात. म्हणून मॅपलिथोला वरून पुन्हा खळ चढवतात. पुस्तकं, दिनदर्शिका, पावतीपुस्तकं, लेटरहेड, ज्यावर चांगली छपाई हवी आणि पेननं लिहायचंही आहे असं सगळं मॅपलिथोवर करावं. भिंतीवरच्या कॅलेंडरची गोष्ट घ्या. त्यावर दूध किती आलं, सिलिंडर कधी लागला, बाई कधी आली नाही हे बारा महिने लिहायचं असतं. कुणीतरी हौसेनं चकचकीत कागदावर कॅलेंडर काढतं आणि घरातली बाई त्याकडे पाठ फिरवते. बॉलपेनची शाई त्यावर घसरते आणि हाताला लागते.

आर्ट पेपरवर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण त्यानं महाराष्ट्राचं फार नुकसान केलं आहे. आर्ट पेपर म्हणजे कागदावर पांढऱ्या मातीचा लेप देऊन घोटलेला कागद. रंगीत फोटो, चित्रं, उत्पादनांची माहितीपत्रकं यांच्यासाठी त्याला तोड नाही. असा लेपाचा कागद आता आपल्या भिगवणलाच होतो. पण आपल्याकडे कुणाचा सत्कार ठरला की गौरवग्रंथ निघतो, आणि गौरवग्रंथ निघाला की समितीत कुणीतरी म्हणतंच, "एकदाच तर काढायचाय, आर्ट पेपर घ्या." डेमी एक चतुर्थांश आकार, ४०० पृष्ठं, १३० जीएसएम: नुसती आतली पानं दीड किलोच्या वर जातात. पुठ्ठा बांधणी त्यावर. झोपून वाचता येत नाही, बसून मांडीवर धरवत नाही, ट्यूबलाइटखाली पान चमकून अक्षर नाहीसं होतं. पावसाळ्यात पानं ओली झाली तर लेप विरघळून ती एकमेकांना अशी चिकटतात की फाडूनच वेगळी करावी लागतात. ज्यांचा गौरव झाला ते सोडून ३९० पृष्ठांत कुणाचाही फोटो नसतो, आणि आर्ट पेपर घ्यायचं कारण तर फोटोच असतात. मजकूर ७० ग्रॅमच्या मॅपलिथोवर आणि फोटोंचा एक १६ पृष्ठांचा फॉर्म ११५च्या आर्टवर, असं केलं तर आतल्या पानांचं वजन जवळजवळ निम्म्यावर येतं. मी हे आयुष्यात अनेक समित्यांना सुचवलं. दोनांनी ऐकलं.

बाकीच्यांचा झटपट परिचय. बाँड हा लेखनाचा कडक, टिकाऊ कागद; पूर्वी कर्जरोख्यांसाठी वापरत म्हणून हे नाव. तहसील कचेरीबाहेर "बाँड द्या" म्हणतो ते मुद्रांकपत्र वेगळं. ते १९२५ साली सुरू झालेल्या नाशिकच्या सरकारी छापखान्याची मिरास. पोस्टर पेपर एका बाजूनं चकचकीत आणि दुसऱ्या बाजूनं खरखरीत; पाठ मुद्दाम खरखरीत ठेवलेली, म्हणजे भिंतीला खळीनं नीट चिकटेल. क्रोमो एका अंगाला लेप दिलेला, बाटल्यांच्या आणि डब्यांच्या लेबलांसाठी. मिठाईच्या खोक्याचा राखाडी पाठीचा पुठ्ठा तो डुप्लेक्स. जूनमध्ये वह्यांना घालतो तो ब्राउन पेपर म्हणजे क्राफ्ट. या जर्मन शब्दाचा अर्थच ताकद. लाकूड शिजवण्याची ती पद्धत १८७९ साली डाल नावाच्या रसायनतज्ज्ञानं काढली, आणि आज पांढराशुभ्र कागदही बहुतांशी त्याच पद्धतीच्या लगद्यातून येतो. पोथीचा कागद मात्र वेगळ्या विचाराचा. सुटी, आडवी पानं, शिलाई नाही, पारायणाला बसलेला माणूस एकेक पान उचलून पालथं घालणार, बोटाला हळद-कुंकू असणार. पान उचलताना मध्येच वाकलं तर खालचं पान सरकतं. म्हणून पोथीला कडक, थोडा वजनदार कागद लागतो. जाड वापरा म्हणणारं गिऱ्हाईक इथे बरोबर असतं.

आता ज्या गोष्टीकडे सगळे दुर्लक्ष करतात ती. कागदाला दिशा असते.

यंत्रावर लगद्याचं पाणी जाळीवरून धावत असताना तंतू बरेचसे धावण्याच्या दिशेनं पडतात, ओढ्यात काड्या लागतात तसे. छापखान्यात याला ग्रेन म्हणतात. आजचा पेपर घ्या आणि वरून खाली फाडा: सरळ पट्टी निघेल. आता डावीकडून उजवीकडे फाडा: वेडंवाकडं. पुरवणीतली पाककृती कात्रीशिवाय काढू पाहणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, फक्त त्याचं नाव ठाऊक नाही. दुसरी परीक्षा पाण्याची. कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूनं ओला करून टेबलावर ठेवा. क्षणभरात त्याची सुरळी होऊ लागेल. सुरळीची नळी ज्या दिशेला, तीच ग्रेनची दिशा. तंतू पाणी प्यायला की जाडीनं फुगतो, लांबीनं फारसा वाढत नाही, म्हणून कागद ग्रेनच्या आडव्या दिशेत वाढतो. तिसरी परीक्षा बांधणीकार करतात, सगळ्यात सुंदर. तावाची कड अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या नखांमध्ये चिमटून सर्रकन ओढायची, मग शेजारच्या बाजूची कड तशीच ओढायची. एक कड सपाट राहते, दुसरीला लाटा येतात. जिला लाटा आल्या ती कड ग्रेनला आडवी.

पुस्तकात ग्रेन कण्याला समांतर हवी. तशी असली की पान सहज उलटतं आणि पुस्तक उघडं पडून राहतं. आडवी असली तर पान ताठ उभं राहतं, वाचणाऱ्याला अंगठ्यानं दाबून धरावं लागतं. आणि हवेत ओल आली की पानाची उंची वाढू पाहते, पण कण्याशी डिंकानं ती जखडलेली असते. मग मधल्या मध्ये लाटा उठतात. हे मला माहीत होतं. तरीही एका वर्षी मेमध्ये एका व्यापाऱ्याकडे उत्तम मॅपलिथो उतरत्या भावात मिळाला, माप सोयीचं होतं, ग्रेन उलटी होती, आणि मी स्वतःला म्हटलं की १,१०० प्रतींत कोण बघतंय. पुस्तक जूनमध्ये बाहेर आलं. जुलैत दुकानांतून फोन सुरू झाले. मी जाऊन पाहिलं तर फळीवर पुस्तकांच्या जागी तळणीत टाकलेले पापड उभे होते. वाचवलेले पैसे परत आलेल्या प्रतींच्या वाहतुकीतच गेले.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी साहित्याचा सगळ्यात मोठा हंगाम छपाईच्या सगळ्यात वाईट हंगामाला जोडला गेला आहे. अंक दिवाळीला हवा म्हणजे छपाई गणपती ते नवरात्र, हवेत ओल अजून भरलेली. चार रंगांच्या छपाईत ताव यंत्राखालून एकाहून जास्त वेळा गेला आणि मधल्या वेळात त्यानं ओल प्यायली, तर तो वाढतो. हजारात एक भाग वाढला तरी ३६ इंचांवर ती वाढ जवळपास एक मिलिमीटर. मुखपृष्ठावरच्या नटीला दोन ओठांच्या जोड्या दिसतात त्या इथून येतात. उपाय साधा आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही: रीम आणल्या आणल्या फोडायच्या नाहीत, वेष्टणासकट एक दिवस मशीनच्या खोलीत मुरू द्यायच्या, आणि फोडलेली रीम रात्री उघडी ठेवून घरी जायचं नाही. नाना निघताना उरलेल्या तावांवर प्लास्टिक अंथरत, कडा आत खोचत, लहान मुलाला पांघरूण घालावं तसे.

शेवटी टिकण्याबद्दल. पेशवाईतले हिशेब आणि पत्रं जुन्नरी, दौलताबादी अशा कागदांवर लिहिली जात. चिंध्या, जुने दोर यांच्या लगद्याचा कागद, त्याला खळ लावून सुकवायचा आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा, म्हणजे बोरूची शाई फुटत नाही. खळ नसली तर काय होतं ते पाहायचं असेल तर टीपकागदावर लिहून बघा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले ते कागद आजही उलगडता येतात. याउलट आजोबांच्या कपाटातली १९५०च्या आगेमागेची कादंबरी उघडा. कडा तपकिरी, पान उलटताना कोपरा हातात येतो. दोनशे-अडीचशे वर्षांचा कागद धडधाकट आणि सत्तर वर्षांचा मोडकळीला, हे उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. १८०७ साली इलिग या जर्मन माणसानं खळीऐवजी राळ आणि तुरटी लगद्यातच घालायची युक्ती काढली. स्वस्त आणि झटपट. त्या शतकाच्या मध्यापासून चिंध्यांची जागा दळलेल्या लाकडानं घेतली. तुरटीमुळे कागदात आम्ल राहतं, ते तंतू हळूहळू तोडत जातं. आता बरेच कारखाने तुरटी टाळतात आणि चुनखडीची भरण घालतात. चुनखडी आम्ल मारते, त्यामुळे आजचा चांगला मॅपलिथो आजोबांच्या कादंबरीहून खूप जास्त टिकेल. कोश, चरित्रं, गावाचा इतिहास असं ज्याची दुसरी आवृत्ती बहुधा निघणार नाही, त्याचा कागद घेताना व्यापाऱ्याला जीएसएमच्या आधी हे विचारा: यात आम्ल आहे का? पहिल्यांदा तो चमकेल. तुम्हीच नेटानं विचारत राहा.

ही प्रस्तावना ७० ग्रॅमच्या नॅचरल शेडच्या कागदावर छापली आहे. पुढची प्रकरणं मुद्दाम वेगवेगळ्या कागदांवर आहेत, आणि शेवटी नमुन्यांची १४ पानं बांधली आहेत. त्या चौदाही पानांवर एकच उतारा आणि एकच फोटो छापला आहे, म्हणजे जे वेगळं दिसेल ते कागदाचं. नाव आणि जीएसएम पानाच्या मागे आहे. आधी मागे बघू नका. हात लावा, उजेडात धरा, कानाशी हलवा, पेननं दोन शब्द लिहा, कोपरा मागेपुढे दुमडा, अंदाज करा आणि मग पान उलटा. कागद खराब होईल म्हणून जपू नका; ही पुस्तिका फाडण्यासाठीच आहे, म्हणून नमुन्यांच्या पानांना कण्यापाशी टोचे मारून ठेवले आहेत.

चौदावा नमुना न्यूजप्रिंटचा. तो फाडून घ्या, अर्ध्या भागावर काळा कागद घालून खिडकीत, उन्हाच्या बाजूला ठेवा. आठवड्याभरानं काळा कागद उचलून बघा.